एकाच टाळीवरचे दोन भाऊ

केळीच्या मुलखातल्या लालबागला लोटूभाऊंच्या घरी अखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, स्वयंपाक झाला होता, पण जेवायची सोय नव्हती. पितरांसाठी विस्तवावर घासाची आगारी टाकायची ती दोन्ही लेकांनी मिळून, हा त्यांच्या आईचा, गोदाबाईंचा नेम. आणि धाकटा कडू जवळच्या दापोऱ्याला रुसून बसलेला. केळीला आधी पाणी कुणी लावायचं, यावरून मिशा पिकलेली माणसं अबोला धरून होती.

लोटूभाऊंनी मन मोठं केलं, फोन लावला.

"बिझी! सणाच्या दिवशी दुनियेशी बोलू राहिला, भावाशी नाही."

दापोऱ्यात कडूही हेच म्हणत होता, कारण तो लोटूभाऊंनाच फोन लावत होता. दोघं एकदम फोन ठेवत, एकदम चिडत, एकदम निवत आणि पुन्हा एकदम लावत. एका आईचे ना!

कडूच्या बायकोने, कोकिळाकाकूने, सुलभाच्या फोनवर हे कळवलं तेव्हा ती हसत सुटली. लोटूभाऊंची ही लेक सणाला घरी आली होती, एरवी इंदूरला जनुकांचं गणित मांडायची.

"आजी, हे माझंच गणित! जनुक एकतर जागं, नाहीतर झोपलेलं. दोन जनुकं एकमेकांना झोपवतात. गणितात टाळी वाजली की दोघं एकदम बदलतात. दोघं झोपलेले, म्हणून दोघं उठतात. दोघं जागे, म्हणून दोघं झोपतात. हे संपतच नाही."

"मग?"

"एकाने टाळी चुकवायची. गप बसायचं."

"एवढं शिकायला इंदूरला गेली व्हय?" म्हणत गोदाबाईंनी लोटूभाऊंचा फोन पिठाच्या डब्यात लपवला.

दापोऱ्याहून फोन काही येईना. येणार कसा? सुलभाने तीच अक्कल काकूलाही दिली होती. कडूचा फोन तांदळात पुरलेला!

"आता काय म्हणतं तुझं गणित?"

"आता दोघं झोपलेत, आजी."

"आणि पितर उपाशी."

पोळ्या वातड व्हायला लागल्या. गोदाबाईंनी चपला घातल्या आणि कुणाला न सांगता गल्लीच्या टोकाला मालूबाईच्या ओट्यावर जाऊन बसल्या.

थोड्या वेळाने घरात ओरड झाली. लोटूभाऊंनी सुलभाचा फोन हिसकावला. "कोकिळा, कडूला दे! कडू, माय तिकडं आली का रे? इथं नाही ना!"

"आलोच, भाऊ!"

कडूची मोटरसायकल आली. दोघं भाऊ गल्लीभर हिंडले आणि मालूबाईच्या ओट्यावर चहा फुंकत बसलेली आई त्यांना सापडली.

"काही अक्कल हाय का? जीव गेला आमचा!"

"भाऊ बराबर म्हणू राहिला!"

"झालं बोलून? चला, आगारीचा विस्तव थंडा होईल."

खांद्याला खांदा लावून दोघांनी आगारी टाकली, शेजारी शेजारी जेवायला बसले. आईकडे मात्र दोघांनीही पाठ केली.

"सुलभा, मायला सांग, भाऊला रस वाढ."

"सुलभा, तिला सांग, कडूची पोळी संपली."

"आजी, आता दोघं तुझ्याशीच बोलत नाहीत गं."

"नाही तर नाही," गोदाबाई म्हणाल्या आणि दोघांच्या वाट्या काठोकाठ भरल्या.