साडेचारची बॅग

आमच्या खालच्या मजल्यावरचे पगारे काका रोज दुपारी साडेचार वाजता हॉलमधून आतल्या खोलीत ई-मेल घेऊन जातात. चालत. अंतर अकरा पावलं. मी मोजलेलं नाही, त्यांनीच मोजलंय.

हॉलमध्ये त्यांचा डेस्कटॉप आहे, विणलेल्या कव्हराखाली. आतल्या खोलीत मुलानं दिलेला जुना लॅपटॉप, आणि तिथेच पलंगावर उषाकाकू. दोन वर्षांपूर्वी त्या बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्यांचं चालणं जवळजवळ बंद आहे. दोघांत मिळून मेलचा पत्ता एकच. अडचण अशी, की डेस्कटॉप आलेला प्रत्येक मेल स्वतःकडे उतरवून घ्यायचा आणि मागे काही ठेवायचा नाही. लॅपटॉप उघडला की रिकामा.

दुसऱ्या कुणी मला हाक मारली असती. मी कॉलेजच्या ऑफिसात आहे, तिथली सहा मशीन्स माझ्याच गळ्यात असतात. पण काकांची सगळी नोकरी रेल्वेच्या टपालाच्या डब्यात गेली. नाशिकरोडला चढायचं, धावत्या गाडीत उभ्यानं पत्रं वेगळी करायची, गावागावाच्या पिशव्या भरून तोंड बांधायचं, स्टेशन आलं की बाहेर द्यायच्या. त्यामुळे त्यांना यात बिघाड दिसलाच नाही.

"टपाल हेड ऑफिसात उतरलंय. आता ब्रँचला पाठवायचं," ते मला म्हणाले. "यात अवघड काय आहे?"

दिवसभरातले मेल ते पेन ड्राइव्हवर घेतात. पेन ड्राइव्ह एका कापडी बटव्यात घालतात. हा बटवा कुणाच्या तरी लग्नात सुपारीबरोबर मिळाला होता. मग सुतळीची गाठ, गाठीला पुठ्ठ्याचं लेबल: 'हॉल ते आतली खोली'. काकूंनी बॅग घेतली की वहीत सही करायची आणि वेळ घालायची. उशीर झाला तर कारण. मी ती वही चाळली आहे. 'विलंब सात मिनिटे. दारावर गॅसवाला.' 'विलंब तीन मिनिटे. शिंक.'

तीन मिनिटं कुणी शिंकतं का, असं मी विचारलं. काका म्हणाले, "सलग होत्या."

टपाल अडता कामा नये, हे त्यांचं एक वाक्य. दुसरं, "पत्ता बरोबर आहे ना? मग पाकीट आपलं." त्यामुळे जाहिरातींचे मेलही ते उघडून पूर्ण वाचतात आणि सभ्यपणे उत्तर देतात. गुडघ्याचं तेल विकणाऱ्या एका कंपनीला त्यांनी लिहिलं होतं, 'आपले पत्र मिळाले. सध्या आवश्यकता नाही. पत्नीची तक्रार खुब्याची आहे. कळावे.' त्यावर कंपनीनं खुब्याचंही तेल पाठवायची तयारी दाखवली. तो मेल अर्थातच साडेचारच्या बॅगेनं आत गेला.

मला अशा गोष्टी बघवत नाहीत. दहा मिनिटांचं काम असताना माणूस रोज अर्धा तास घालवतो, हे माझ्या डोक्यात बसतं आणि मग मला झोप लागत नाही. एका रविवारी मी खाली गेले, काकांना खुर्चीवरून उठवलं, दोन्ही मशीनची सेटिंग्ज बदलली. आता सगळे मेल मूळ जागी राहणार आणि दोन्हीकडे एकाच वेळी दिसणार. एकीकडे वाचला की दुसरीकडेही वाचलेला.

काका हात पाठीमागे बांधून बघत होते. "म्हणजे बॅग?"

"बॅगेची गरजच नाही काका. आपोआप."

"हं," काका म्हणाले.

तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा एक ठळक अक्षरातला मेल साधा झाला.

"हे पाकीट कुणी फोडलं?"

"काकूंनी आत वाचला असेल."

"माझ्यासमोर बंद होतं हे!" आणि मग तो मेल नाहीसाच झाला. काका खुर्चीवरून अर्धे उठले. "उषा! तू काही केलंस का?"

आतून आवाज आला, "साड्यांचा सेल होता. काढून टाकला."

"पोचलेलं टपाल नष्ट केलंस?"

"अहो, सेल कालच संपलाय!"

"संपला म्हणून काय झालं? नोंद कुठे आहे?"

मला हसू आवरेना. होईल सवय, असं म्हणून मी वर आले आणि एक काम मार्गी लागल्याच्या समाधानात मेथी निवडायला बसले.

आठ दिवसांनी मी ऑफिसात असताना काकूंचा फोन आला. आवाज दबका.

"सुनंदा, ते मशीन होतं तसं करून दे बाई."

"का? मेल येत नाहीत का?"

"मेल येतात गं. हे येत नाहीत."

मला काही कळलं नाही. मी म्हटलं, काका तर घरातच असतात.

"असतात की. चहा देतात, गोळ्या देतात, कूस वळवून देतात. काही हवंय का विचारतात. मी नको म्हटलं की गेले बाहेर. सगळा जन्म रात्रपाळी केली या माणसानं. घरी आला की झोपायचा, मी कामाला लागायची. काही काम नसताना बायकोजवळ नुसतं बसायचं असतं, हे ह्यांना ठाऊकच नाही. बॅग असली की अर्धा तास खुर्ची ओढून बसायचे. एकेक मेल मी वाचायची, ह्यांनी त्यावर बोलायचं. त्या तेलवाल्याला काय लिहायचं ह्यावर आम्ही दोन दिवस भांडलो होतो."

मी हातातला शिक्का खाली ठेवला.

"आणि तुला म्हणून सांगते, गाठ मला लगेच सुटते. मी मुद्दाम वेळ लावते."

"मग काकांना सांगा ना सरळ, आत येऊन बसा म्हणून."

"सांगितलं की. आले, बसले. पंख्याकडे बघत होते. दहा मिनिटांनी म्हणाले, बरं, मग मी निघू?"

ऑफिसात समोर तीन मुलं बोनाफाइड सर्टिफिकेटसाठी उभी होती. त्यांना उद्या या म्हणाले. असं मी सहसा करत नाही. अर्धी रजा टाकली आणि रिक्षा केली.

काका हॉलमध्ये होते. कॉम्प्युटर बंद, हातात सकाळचाच पेपर.

"काका, मी केलेलं बरोबर नाही," मी चपला काढता काढता सांगितलं. "त्या आपोआपचा भरवसा नाही. मेल हरवू शकतात. पहिल्यासारखंच ठेवूया."

भरवशाचं आणि हरवण्याचं, दोन्ही धादांत खोटं होतं. काकांनी पेपरची घडी घातली.

"मी त्याच दिवशी म्हणणार होतो. पण तू शिकलेली."

मी आत जाऊन लॅपटॉपवरून पत्ता काढून टाकला. काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या. मी बाहेर येऊन डेस्कटॉपची सेटिंग्ज पुन्हा जुन्यासारखी केली. काका मागे उभे.

"आठ दिवसांचं टपाल साचलं असेल?" त्यांनी जरा आशेनं विचारलं.

"नाही काका. ते आत पोचलंय. काकूंनी वाचलंय."

"सगळं?"

"सगळं."

मी मेल उतरवून घेतले. "पण हे आत्ता आलेत. आत गेलेले नाहीत. तीन आहेत." त्यांतला एक वीज गेल्यास काय करावे याचा होता, एक बियाण्यांचा, आणि एक कुठल्याशा परदेशी बाईचा, जिला काकांशी मैत्री करायची होती.

काकांनी वाकून तिन्ही नावं वाचली.

"तीन म्हणजे बॅग होते," ते म्हणाले.

घड्याळात सव्वाचार वाजून गेले होते. चहा घेऊन जा, असं ते म्हणाले, पण म्हणताना त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. मी नको म्हटलं. चपला घालून दार ओढून घेताना दिसलं, की काका बेसिनवरच्या आरशासमोर उभे आहेत आणि कंगवा ओला करून उरलेल्या केसांचा नीट भांग पाडताहेत.