बाटल्यांनी खोली घेतली आणि सोडली त्याची हकिकत

अखंडितविद्याअलंकृत वाचकमंडळींचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे, एका लहानशा कॉलेजात सर्व विद्यांची मिळून एक पदवी कैसी स्थापन जाहली ते वर्तमान घडले तैसे लिहिले असे. पदरचे तिखटमीठ घातले नाही.

तत्त्वज्ञानबाईंचा मुलूख म्हणजे जिन्याखालची एक खोली. विद्यार्थी रोडावले आणि मग प्राचार्यसाहेबांचा हुकूम सुटला की, सत्राअखेर तत्त्वज्ञान खाते खालसा करून खोली रसायन खात्याचे हवाली करावी. रसायनाचे सरलष्कर म्हणजे बाईंचे सख्खे दीर. त्यांनी शाई वाळण्याआधीच बाटल्यांची आघाडी रवाना केली. आणि बाटल्यांनी प्रथम खिडकी घेतली, मग कपाट घेतले, आणि मग बाई टेबलाच्या एका कोपऱ्यावर मोर्चा धरून राहिल्या.

तेथे बसून बाईंनी मसलत केली की, सर्व खात्यांनी मिळून नवी पदवी काढावी आणि प्रत्येक विषय दोन खात्यांच्या दोन शिक्षकांनी एकाच वर्गात उभे राहून शिकवावा. पदवी मंजूर तर खाते जिवंत. परंतु त्या कॉलेजात मतदानाचा रिवाज नव्हता. एक खाते जरी नको म्हणाले तरी ठराव बुडे. मग बाई मोहिमेस निघाल्या. इतिहासाने पत्रकात आपले नाव प्रथम छापण्याच्या अटीवर तह केला, साहित्य तर चहावरच फितूर जाहले, आणि गणिताने सकाळचा पहिला तास माफ करून घेऊन निशाण खाली केले. राहिले दीर.

घरी जेवताना बाईंनी विषय काढला, तेव्हा दीर म्हणाले, "वहिनी, तुमच्यासाठी काय वाट्टेल ते. पण एका वर्गात दोन मास्तर? पोरांनी ऐकायचं कुणाचं?"

"आणि या घरात मी ऐकायचं कुणाचं?" सासूबाई म्हणाल्या. "कॉलेज चपलांपाशी काढून ठेवून आत येत जा की रे!"

सभेच्या दिवशी सर्व सरदार जमा जाहले आणि दीरांनी तोच सवाल तोफेसारखा डागला. प्राचार्यसाहेबांनी फर्मावले की, बोलून घसे कोरडे करण्यापेक्षा उभयतांनी येथेच तास घेऊन दाखवावा. घंटा होईल तेव्हा निकाल.

मग दीर ताडताड जाऊन बाईंच्या खिडकीतली लवंगेच्या तेलाची बाटली घेऊन आले आणि बूच काढून म्हणाले, वास हवेतून कसा पसरतो पाहा. ज्याला येईल त्याने हात वर करावा. पुढच्या रांगेने हात वर केले, मग मधलीने, आणि मग अगदी मागून इतिहासानेही केला. दीरांची छाती फुगली.

बाई शांतपणे म्हणाल्या, "भावोजी, चाखून बघा."

दीरांनी बोट बुडवून जिभेस लावले आणि त्यांचा चेहरा पडला. फौज मोठी दिसावी म्हणून निम्म्या बाटल्यांत आपणच नुसते पाणी भरले होते, हे त्यांस तेव्हा आठवले. बाई आठवडेच्या आठवडे त्या बाटल्यांच्या शेजारी बसलेल्या. त्यांस हे ठाऊक होते.

"मग वास आला कुठून?" बाईंनी सभेस विचारले.

"कुठून म्हणजे? मला स्वतःला आला, वहिनी!" दीर ओरडले, आणि लाज विसरून फळ्यावर नाकाची आकृती काढू लागले. बाई म्हणाल्या की, हा वास नाकातला नव्हे, विश्वासातला. दीर म्हणाले की, विश्वास मेंदूत असतो आणि मेंदू रसायनाचा मुलूख. आणि मग दोघे एकदम बोलू लागले, आणि सभा एकदा इकडे, एकदा तिकडे माना वळवू लागली, आणि घंटा जाहली.

सरदार उठू लागले तोच दीर खडू उगारून गरजले, "बसा! माझं संपलेलं नाही. राहिलेलं पुढच्या तासाला!"

सरदार पुन्हा खाली बसले. प्राचार्यसाहेबांनी जाहीर केले की, रसायन खात्याने पुढचा तास आपल्या तोंडाने मागितला आहे. सबब पदवी मंजूर आणि तत्त्वज्ञानाचा मुलूख कायम. दीरांनी डोक्यास हात लावला, आणि मग सर्वांआधी तेच हसले.

येणेप्रमाणे बाटल्या जिन्याने माघारी गेल्या आणि बाईंची फत्ते जाहली, ती येथे रुजू असे. पाण्याची एक बाटली तेवढी पहिल्या धड्यासाठी खिडकीत राहिली. सासूबाईंनी जेवताना दोघांनी एकदम बोलू नये असा हुकूम काढला. त्याचा अंमल अद्याप बसलेला नाही.