रागाच्या मापाची बाही

“बाबांच्या स्वेटरची काळजीच सोडा! मी विणते. आणि असा विणते, की बघणाऱ्याला वाटावं बाबा स्वेटरसकटच जन्माला आलेत!”

सूनबाईने ही घोषणा जेवणाच्या टेबलावर केली. एका हातात घास, दुसऱ्या हातात ढब्बू. ढब्बू म्हणजे तिचं पहिलंवहिलं बाळ. अजून स्वतः पालथं पडत नव्हतं, पण आईच्या ताटातली वाटी अचूक पालथी घालत होतं. घोषणेच्या सन्मानार्थ त्याने तीही घातली.

घोषणेला कारण होतं. सासऱ्यांच्या जुन्या कचेरीतली मित्रमंडळी पुढच्या महिन्यात बस करून डोंगरातल्या थंड गावाला निघाली होती. खोकल्यामुळे सासरे किती तरी दिवस घरात अडकून पडलेले. या सहलीवर त्यांनी असा जीव लावला होता, की बॅग महिनाभर आधीच भरून दाराशी उभी! येता-जाता तिच्या पाठीवर थोपटायचे. पण सासूबाईंनी अट घातली होती.

“छातीला नीट बसणारा गरम स्वेटर अंगावर असेल तर जा. नसेल तर बॅग रिकामी करा.”

जुन्या स्वेटरची कसरीने चाळण केली होती. दुकानातला स्वेटर सासऱ्यांना बसत नसे. हात लांबलचक, धड आखूड, आणि मध्ये पोट! पोटाला बसला तर बाह्या कोपरापाशी संपायच्या, हातांना पुरला तर खाली परकर व्हायचा. आजवर त्यांच्या अंगाचं गणित फक्त सासूबाईंच्या सुयांना सुटलं होतं, आणि नेमकं सासूबाईंचं मनगट मुरगळून पट्टीत गेलेलं.

“आधी चौकोनी तुकडा विणून बघ,” सासूबाई म्हणाल्या. “इंचाला किती टाके येतात ते मोज. हात कुणाचा सैल असतो, कुणाचा घट्ट.”

“आई, तुकडे विणत बसले तर स्वेटर पुढच्या जन्मी होईल! माप घेतलं की झालं.”

माप घेताना सासऱ्यांनी पोट असं आत ओढलं, की टेपलाही आपलीच लाज वाटावी.

“श्वास सोडा,” सासूबाई म्हणाल्या.

“सोडलाय.”

सासूबाईंनी चांगल्या हाताच्या बोटाने बरगडीत टोचलं. पोट फस्सकन बाहेर आलं.

“हं. आता घे गं माप.”

सूनबाई विणायला लागली. म्हणजे ढब्बू सोडेल तेव्हा. दूध उतू जायच्या आत चार टाके, कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये एक ओळ. पाठीचा भाग तिने विणला तो ढब्बू मांडीवर झोपलेला असताना. त्याचे ओठ झोपेत चुकचुक करत, आणि हिच्या सुया गार वाऱ्यात झोपाळा झुलावा तशा चालत. मग ढब्बूचं पोट बिघडलं. आठवडाभर त्याने असा टाहो फोडला, की शेजारच्या आजोबांनी कानातलं यंत्र काढून ठेवलं. पुढचा भाग तिने त्या आठवड्यात विणला, दातओठ खात.

दोन्ही भाग पलंगावर शेजारी पसरले तेव्हा सूनबाईचा चेहरा उतरला. पाठ गादीएवढी. पुढचा भाग उशीएवढा!

“आई, टाके दोन्हीकडे सारखेच घातलेत हो! सुया त्याच, लोकर तीच!”

“बाई तीच होती का?” सासूबाईंनी विचारलं.

मग त्यांनी दोन्ही भागांवर टेप धरला, ओठांत बेरीज केली आणि म्हणाल्या, “नशीबवान आहेस. दोन्ही मिळून घेर बरोबर येतोय. शिवणी जरा पुढे येतील एवढंच. लाव जोडून.”

सूनबाईने सुटकेचा निःश्वास टाकला आणि बाह्या घेतल्या. पहिल्या बाहीच्या वेळी नवऱ्याने ढब्बूची धुतलेली दुपटी बादलीतच विसरून तिसऱ्या दिवशी “हा वास कसला गं?” म्हणून विचारलं होतं. बाही कडक झाली आणि सासऱ्यांच्या हाताला मोज्यासारखी बसली. वा! दुसऱ्या बाहीला सुरुवात केली त्याच दिवशी ढब्बू पालथा पडला. पहिल्यांदाच! पडला आणि स्वतःवरच खूश होऊन मोठ्याने खिदळला. घरभर आनंदीआनंद! सूनबाई हसत हसत विणत राहिली, आणि बाही झाली ती अशी, की सासऱ्यांनी हात घातला तर आत हात सापडेना.

सहलीला आता दोनच दिवस उरले होते. सासऱ्यांनी दाराशी जाऊन बॅगेकडे पाहिलं आणि गुपचूप आपला टॉवेल बाहेर काढला. ते पाहून सूनबाईने ढगळ बाही पुन्हा हातात घेतली.

“थांबा बाबा! मी ती बाही उसवते. पहिलीसारखी विणते. फक्त...” ती नवऱ्याकडे वळली. “तू माझ्याशी भांड.”

“काय?”

“पहिली रागात विणली होती. हीसुद्धा रागातच विणायला हवी. भांड ना!”

नवऱ्याने घसा साफ केला, कंबरेवर हात ठेवले. “आज... आज भाजीत मीठ जास्त होतं!”

“हो का रे? खरंच?”

“नाही गं. छान होती.”

“अशानं कसं व्हायचं?” सूनबाईला हसू फुटलं आणि टाका सैल पडला. सतरंजीवर ढब्बू पुन्हा पालथा पडून खिदळत होता. त्याच्याकडे बघत कोणाची टाप आहे रागवायची!

सासरे पुढे सरसावले. त्यांचीच सहल! त्यांनी डोळे वटारले, बोट उगारलं. “सूनबाई! तू... तू फार कष्ट करतेस!”

“बाबा, याला भांडण म्हणतात?”

“मला सवय नाही गं. इतकी वर्षं मी फक्त ऐकून घेतलंय.”

“व्हा बाजूला सगळे!” सासूबाई खुर्ची ओढून सुनेसमोर बसल्या. पट्टीतला हात मांडीवर ठेवला आणि मधाळ आवाजात म्हणाल्या, “राहू दे गं ढगळ. पहिल्यांदाच विणतेयस. तुझ्याकडून एवढंच व्हायचं.”

सुया खट्कन वाजल्या.

“ढब्बू बाळसं धरत नाही अलीकडे. दूध पुरतं ना?”

खट्! खट्! खट्! सुयांतून ठिणग्या उडायच्या बाकी होत्या. ओळीमागून ओळ, एकेक टाका असा की त्यातून वारा जायची हिंमत करणार नाही. सासूबाई वाकून बघत होत्या. टाके फारच आवळले की म्हणायच्या, “केस छान दिसताहेत हं आज.” सुया मऊ व्हायच्या. सैलावल्या की म्हणायच्या, “लादी पुसली होतीस की नुसतीच ओली केलीस?” शेगडीची ज्योत कमीजास्त करावी तशी सुनेला वरखाली करत त्यांनी ती बाही मनगटापर्यंत आणून सोडली. मोजली तर पहिलीची जुळी बहीण!

सूनबाईला कळत होतं की हे सगळं खोटं आहे. तरी राग खरा येत होता! आणि राग ओसरला की सासूबाईंच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं. हातात सुया नसत्या तर पडलीही असती.

गळपट्टी तेवढी राहिली होती. शेवटची ओळ चालू असताना सासूबाई रंगात येऊन बोलून गेल्या, “तुझ्या आईला विणकाम येतच नसेल, नाही?”

माहेरावर गेल्या! सूनबाईने एकेक टाका करकचून आवळला. टाके बंद केले, गाठ मारली, धागा तटकन तोडला.

रविवारी सकाळी बस दाराशी येऊन उभी राहिली. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, खिडक्यांतून मित्र ओरडताहेत, आणि इकडे सासऱ्यांनी स्वेटर अंगात घातला. हात गेले, पोट गेलं, सगळं गेलं. डोकं जाईना!

“कसा बसलाय?” सूनबाईने विचारलं.

“उत्तम!” स्वेटरच्या आतून आवाज आला. “चला, निघतो मी!”

“मुंडकं कुठाय?” सासूबाई ओरडल्या.

“येईल मागून! बस थांबणार नाही!” आणि ते चाचपडत दाराऐवजी कपाटात शिरले.

नवऱ्याने खांदे धरले, सासूबाईंनी वरून ओढलं. आतून नाकाची तक्रार ऐकू आली. शेवटी सूनबाईने ढब्बूला कडेवर घेतलं आणि मोकळ्या हाताने गळ्याची शेवटची ओळ भराभर उसवली. पुक्! सासऱ्यांचं डोकं वर आलं. केस उभे, कान लाल, चेहरा नवजात बाळासारखा चकित.

सासूबाईंनी छातीवर हात फिरवला. खांदा दाबून पाहिला, बाह्या ओढल्या, खालची कड चिमटीत धरली.

“बसला,” त्या म्हणाल्या. “आता थांबा, गळ्याचे टाके सैल हाताने बंद करून...”

पण सासरे थांबतात कसले! बायकोचं मत बदलायच्या आत ते बॅग उचलून बसमध्ये चढलेसुद्धा. बस हलली. सासरे खिडकीतून शाळकरी पोरासारखे हात हलवू लागले. सूनबाईने हात हलवला, सासूबाईंनी पट्टीतला हात हलवला, आणि ढब्बूनेही हात हलवला.

ढब्बूच्या मुठीत लोकर होती! तिचं दुसरं टोक बसच्या खिडकीतून थेट सासऱ्यांच्या गळ्यात!

“अहो थांबा! बाबा! उसवतंय!”

“हो हो, जपून जातो!” सासरे ओरडले. गुदगुल्या होत असल्यासारखी त्यांची मान गोल गोल फिरत होती. बस चालली, लोकर चालली. नवरा धावला, सासूबाई धावल्या, सूनबाई ढब्बूची मूठ सोडवायला लागली, तर त्याने ती आणखी घट्ट मिटली आणि खिदळला. कोपऱ्यावर बस वळली, आणि अख्खी गळपट्टी सरळ रेषेत रस्त्यावर येऊन पडली. गळपट्टीखाली गळ्याच्या कडेचे टाके आधीच पक्के बंद केलेले होते, म्हणून बाकीचा स्वेटर निभावला!

सूनबाई दिवसभर तोंड लपवून फिरली. संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला.

“सूनबाई! छाती गरम, हात गरम, खोकला पसार! वरची पट्टी वाटेत कुठेतरी पडली बहुतेक. पण खरं सांगू? आता डोकं लोण्यातून गेल्यासारखं जातं. पुन्हा लावू नकोस हं. गळ्याचं माप अगदी बरोबर जमवलंस!”

“थँक्यू, बाबा,” सूनबाई अगदी हळू म्हणाली. माप जमवणारा तिच्या कडेवर लोकर चघळत होता, आणि त्याला आता दूध हवं होतं. लगेच!