मोरसची नोंद

"पप्पा, माझ्या कपाटावरची वर्तमानपत्रं कुठे गेली?"

"रद्दीत!" सासरे फर्डिनंड अभिमानाने म्हणाले. "आत पालापाचोळा होता, तो झटकायलासुद्धा थांबलो नाही."

ॲनिशाने कपाळावर हात मारला. तो पालापाचोळा म्हणजे एक रानझाड होतं. ती शिकवत असलेल्या वसईच्या कॉलेजात वाळवलेल्या झाडांचा जुना संग्रह होता आणि त्यात या झाडाची शेवटची नोंद नव्वद वर्षांपूर्वीची होती. वसईतून ते नाहीसं झालं, असंच सगळे धरून चालले होते. ॲनिशाला मात्र खाडीकाठी त्याचं एकुलतं एक रोप सापडलं. ते कागदांत दाबून तिने तीन आठवडे वाळवलं होतं. आज दुपारी चारला पुण्याच्या तज्ज्ञ डॉ. उन्नती केळुसकर ते तपासायला येणार होत्या.

सुनेचा चेहरा बघून फर्डिनंडनी लगेच स्कूटर काढली.

रद्दीवाला म्हणाला, "वो गठ्ठा? मच्छीबाजार की रोझलीन मावशी ले गई."

बाजारात रोझलीन सुके बोंबील बांधून देत होती. ॲनिशाने तिच्या हातातला कागद ओढून घेतला. रिकामा!

"मावशी, यातलं झाड कुठंय?"

"झाड? ती वाळकी मोरस? फेकली! वाळकी भाजी कोन खातं, बाय?"

"भाजी?"

"तर! कोलंबी घालून करतो आमी. मिठागराच्या बांधावर चल, पायजे तेवढी देते."

बांधावर पोचून ॲनिशा बघते तर तेच झाड! नजर जाईल तिथवर मोरसच मोरस. फर्डिनंड पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले आणि एकेक रोप मुळासकट अलगद काढून देऊ लागले.

चारच्या ठोक्याला डॉ. केळुसकरांपुढे टोपलीभर ताजी रोपं होती. त्यांनी भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि ॲनिशाला मिठीच मारली.

"आम्ही इतकी वर्षं हे संपलं म्हणून बसलो होतो!"

"मंग इचारायचं ना," बरोबर आलेली रोझलीन म्हणाली.

नोंदीचा कागद भरायला घेतला. ठिकाण, मिठागर. स्थानिक नाव, मोरस. उपयोग, कोलंबीबरोबर. शेवटचा रकाना झाड गोळा करणाऱ्याचा होता. ॲनिशाने तिथे ठसठशीत अक्षरांत लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, "कलेक्टर, रोझलीन मानकर."

दुसऱ्या दिवशी बाजारात एका बाईंनी बोंबलांचा भाव निम्म्यावर पाडून मागितला. रोझलीनने पदर सावरला, मान ताठ केली.

"जरा जपून, बाय. कलेक्टरशी बोलतेस!"