मेश्राम मॅडमचं जोडीकार्य

मेश्राम मॅडम भाजीवाल्याशी घासाघीस करत असताना कुणी मध्येच वांग्याचा भाव विचारला, की त्या हात वर करतात. "जोडीकार्य चालू आहे." आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातली माणसं आता निमूट थांबतात.

मॅडम बीरगांवच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायच्या. पाठाच्या टाचणात कोण कुणाशी बोलणार याचा एक रकाना असतो: शिक्षक आणि वर्ग, जोडी, गट, एकेकटा. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, रकाना काही सुटला नाही. आमच्या घरचं भांडण भिंतीपलीकडून ऐकून त्यांनी मला शांतपणे सांगितलं, "ह्याले जोडीकार्य नाही म्हणत भाऊ. वहिनी शिक्षक, तुम्ही वर्ग."

पाण्याच्या टाकीवरून गल्लीत बैठक झाली, तेव्हा मॅडमनी आम्हाला आधी जोड्यांत चर्चा करायला लावली आणि नेमके अबोला धरलेले दोघे शेजारी समोरासमोर बसवले. टाकी अजून गळते. ते दोघे मात्र आता रोज भांडतात. मॅडम याला प्रगती म्हणतात.

उन्हाळ्यात भिलाईहून त्यांची नात आली. पोरीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. तिच्या तोंडून मराठी ऐकायची यातच मॅडमचा जीव अडकला होता. त्यांनी खपून दोन जवळजवळ सारखी चित्रं काढली. एक आपल्याकडे, एक नातीकडे. दुसरीचं चित्र बघायचं नाही, विचारून विचारून फरक शोधायचे.

"एकीले माहीत, दुसरीले नाही, तवाच बोलणं होते," त्यांनी मला समजावलं.

पोरगी उठली, आजीच्या हातातलं चित्र घेतलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. "नानी, पाँच फरक हैं. हो गया." मग ती मोबाइल घेऊन बसली.

ती परत गेली त्या संध्याकाळी मी मॅडमकडे गेलो. त्या दोन्ही चित्रं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला फार वाईट वाटलं.

"आमचे साहेब वारले तवापासून," त्या म्हणाल्या, "या घरातलं सगळं मले एकटीलेच माहीत आहे. विचारून कोण राहिलं, अन् सांगू कोणाले?"

चहा मी करतो म्हणून मी आत गेलो. त्यांचा साखरेचा डबा मला डोळे मिटूनही सापडतो. तो समोरच होता.

"मॅडम, साखर कुठं ठेवली हो?"

त्या बाहेरून सांगू लागल्या, कोणत्या फळीवर, कशाच्या मागं, आणि तिथंच का. मी डबा हळूच त्या सांगत होत्या तिथं मागं सरकवला आणि चहापत्तीचं विचारलं.