पाहुण्यांनी उभं राहावं

आमच्या चर्चमध्ये रविवारची भक्ती संपताना सूचना वाचण्याचं काम माझ्याकडे आहे. ‘आज आलेल्या पाहुण्यांनी उभं राहून नाव सांगावं,’ असं मी म्हटलं, की तिसऱ्या बाकावरून रूथबाई साळवे उभ्या राहत. या चर्चमध्ये त्या चाळीस वर्षं येत होत्या.

पहिल्यांदा वाटलं, ऐकू कमी येत असेल.

“बाई, बसा. पाहुण्यांना म्हणतोय.”

“मग त्यांना का उठवता?” बाईंनी छत्रीनं शेवटचा बाक दाखवला. तिथे सुखमनी, तिचा नवरा आणि वाघोलीच्या बांधकामांवरचे झारखंडचे सात-आठ जण उभे होते. “दोन वर्षं येताहेत. अहो सेक्रेटरी, एवढ्या दिवसांत जावईसुद्धा पाहुणा राहत नाही.”

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याचा आज मला राग येतो.

पुढच्या रविवारी बाई पुन्हा उभ्या. त्याच्या पुढच्याही. मी आपला वरून ‘बसा, बसा’ करत असे.

बाई निवृत्त शिक्षिका. चर्चच्या पत्रकातले ऱ्हस्व-दीर्घ लाल पेन्सिलीनं सुधारून मला परत देत. भक्तीनंतरच्या चहाला आम्हाला चिनी मातीचे कप असत, शेवटच्या बाकाला कागदी पेले. बाई मुद्दाम कागदी पेला उचलत. “मी पाहुणी. कप फुटला तर?”

मग चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळानं ठरवलं, त्या लोकांच्या सोयीसाठी दुपारी चारला वेगळी हिंदी भक्ती ठेवायची. सुखमनीला कुणी विचारलं नाही. तिला आमची मराठी गीतं पाठ होती, आमच्यातल्या कित्येकांना नाहीत. ठरावाचा मसुदा मी सवयीनं बाईंना दाखवला. त्यांनी ‘त्यांच्या सोयीसाठी’मधलं ‘त्यांच्या’ खोडलं, वर ‘आपल्या’ लिहिलं.

“व्याकरणाची चूक नव्हती, बाई.”

“नव्हतीच. खोटेपणाची होती.”

ठराव मंजूर झाला. खाली सही माझी आहे.

बाई सकाळी येईनाशा झाल्या. दुपारी चारला जाऊ लागल्या. म्हातारपणचा हट्ट, असं म्हणून आम्ही विषय संपवला. त्यांच्या घरी जाऊन विचारावं, हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही.

गेल्या महिन्यात बाई गेल्या. दफनाला सुखमनी आणि तिची माणसं कबरस्तानच्या फाटकाशीच थांबली होती, कुणीतरी आत बोलावेल म्हणून. मी त्यांच्याकडे गेलो.

“बाई तुमच्यासाठी उभ्या राहायच्या,” मी म्हणालो.

“हमारे लिए भी, सर,” सुखमनी म्हणाली. “हमने पूछा था. बाई बोली, मेरे साहब गुज़र गए तब से घर में कोई आता नहीं. खड़ी रहूँगी तो कोई नाम तो पूछेगा.”

मी तर दर रविवारी त्यांना ‘बसा’ म्हणत आलो होतो.