शटरची पूजा

मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात फोरमन. अख्ख्या महाराष्ट्राला वीज पुरवणाऱ्या माणसाने गॅरेजच्या शटरला मोटर बसवायला बाहेरचा कारागीर बोलवायचा? छे! रिमोटचं बटण दाबलं की शटर वर, पुन्हा दाबलं की खाली. एका रविवारात मोटर स्वतः बसवली. खोक्यात एक साखळीही होती, वीज गेली तर हाताने शटर उचलायला. ती माळ्यावर टाकली. शटरच्या जुन्या मुठीसुद्धा काढल्या. आता कोण वाकतंय!

त्या दसऱ्याला आमच्या तेजस्विनीचा सटाण्याला साखरपुडा होता. व्याही निवृत्तीआप्पा कांद्याचे बडे व्यापारी. त्यांच्या दारात नव्या कोऱ्या गाडीतून रुबाबात उतरायचं, हा माझा बेत. सकाळी शटर वर केलं, बायकोने गाडीची पूजा केली, आम्ही नटूनथटून अंगणात आलो. म्हटलं, गाडी काढण्याआधी शटर नीट लागतंय ना बघू. गॅरेजमधून थेट घरात दार आहे. उघडं टाकून जायचं कसं? बटण दाबलं. शटर हातभर खाली आलं आणि परत वर गेलं!

पुन्हा दाबलं. हातभर खाली, परत वर.

"बाबा, ते नको म्हणतंय," तेजू म्हणाली.

"गप्प बस. नवीन आहे, लाजतंय!"

मी स्टूल घेतलं आणि मोटर उघडली.

"अहो, उशीर होतोय!" बायको म्हणाली.

"आज दसरा! दिवसभर मुहूर्तच मुहूर्त!"

"पण गुरुजींना दुपारी दुसऱ्या साखरपुड्याला जायचंय!"

वायरी काढल्या, पुसल्या, लावल्या. मोटर परत जोडली तेव्हा मूठभर स्क्रू उरले. शटरचं वर-खाली चालूच. शेवटी बायको हळूच म्हणाली, "त्या खालच्या काळ्या डोळ्यांमुळे तर नसेल?"

"कुठले डोळे?"

"चौकटीला दोन्ही बाजूंना आहेत ते. काल खंडेनवमी ना? तुमच्या पान्हा-पकडीची पूजा केली. मोटरपर्यंत हात पोचेना, म्हणून त्या डोळ्यांना हळदकुंकू लावलं. चांगलं भरपूर."

मी कपाळावर हात मारला. हाताचं ग्रीस कपाळाला लागलं. शटरखाली कोणी सापडू नये म्हणून ते डोळे असतात. डोळे झाकले की शटरला वाटतं, दारात कोणीतरी उभं आहे!

पदराने डोळे पुसले, बटण दाबलं. शटर झोकात खाली आलं, थेट जमिनीला टेकलं. तेजूने टाळ्या वाजवल्या. मीही कॉलर ताठ केली आणि गाडी काढायला पुन्हा बटण दाबलं.

काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही! शेजारच्यांचा टीव्हीही बोलता बोलता गप्प झाला होता. भारनियमन! त्या वर्षी रोजच असायचं. गाडी आत, आम्ही बाहेर, आणि साखळी बसवायची तर मोटर पुन्हा खाली उतरवायची.

"एकलहऱ्याला फोन करा ना," बायको म्हणाली. "म्हणावं, आमच्यापुरती सोडा."

तेजूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पोरीचा साखरपुडा बापाच्या हौसेपायी चुकतोय, या विचाराने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तसाच हमरस्त्यावर धावलो. नाशिकला कांदा उतरवून सटाण्याला रिकामा निघालेला एक टेम्पो थांबला.

"बठा! मांगे जागा शे," ड्रायव्हर म्हणाला.

मायलेकी पुढे बसल्या. मी मागे, पेढ्यांचे खोके कवटाळून, उडत्या कांद्याच्या सालांत.

पोचलो तेव्हा गुरुजींनी पिशवी खांद्याला लावली होती. निवृत्तीआप्पांनी टेम्पो पाहिला, माझ्या डोक्यावरची सालं पाहिली, कपाळाचं ग्रीस पाहिलं. आप्पा पुढे आले आणि त्यांनी मला कडकडून मिठी मारली.

"याही! गाडीना बडेजाव नही, कांदाना टेम्पोमा उनात! मानूस आमना शे!"

कांद्याच्या टेम्पोतून आलो, म्हणजे मी त्यांच्यातलाच माणूस! साखरपुडा थाटात झाला. तेव्हापासून सटाण्यात माझं साधेपणाबद्दल फार नाव आहे. शटर आता झकास चालतं, गाडीही चालते. फक्त व्याह्यांकडे जायचं असलं की आम्ही एस.टी.ने जातो!